देवघराखालचा चाप

मित्रांनो, माझी ओळख ऐकून दचकू नका. मी एक जुना चाप आहे. पिस्तुलाच्या पोटाखाली बोटाएवढा बाकदार तुकडा असतो ना, तो मी. इंग्रजीत मला ट्रिगर म्हणतात आणि आमच्या घरात सगळे त्याच नावाने हाक मारतात. माझं अंग काळ्या प्लॅस्टिकचं आहे. मधोमध एक बारीक पाती आहे. कोणी बोट नीट आणि मुद्दाम ठेवल्याशिवाय ती पाती मला जागचं हलू देत नाही. नक्षीदार, पितळी, पिढीजात असं माझ्यात काहीच नाही. मी स्वस्तातल्या पिस्तुलाचा चाप आहे. पण स्वस्तातल्यांनाही आयुष्य असतं, आणि माझ्या आयुष्यात तर मी देवाच्या पायाशीसुद्धा राहून आलो आहे. कसा, ते सांगतो.

माझा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं, साचा उघडला आणि इडलीपात्रातून इडल्या निघाव्यात तसे आम्ही सगळे भाऊ एका ट्रेमध्ये पडलो. तिथल्या एका बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, कडेला राहिलेला पापुद्रा खरवडला आणि लगेच माझी एका पिस्तुलात नेमणूक झाली. माझ्यामागे एक स्प्रिंग बसवली होती. मी मागे गेलो की ती मला पुन्हा पुढे ढकलायची. स्वभावाने जरा कडक होती, पण तिच्यामुळे मी कधी जागा चुकलो नाही.

पुढे आमचं पिस्तूल मिनेसोटातल्या एका दुकानात आलं. काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यांवर महागडी मंडळी होती. आम्ही सगळ्यात खाली, मोज्यांच्या सेलजवळ. गिऱ्हाईक यायचं, वाकून आम्हाला हातात घ्यायचं आणि दुकानदार म्हणायचा, "किमतीच्या मानाने छान आहे." मित्रांनो, आयुष्यभर माझी जी काही स्तुती झाली ती याच दोन शब्दांनी सुरू झाली. किमतीच्या मानाने. तुमच्या चित्रकलेच्या बाईंनी तुमचं चित्र बघून 'तुझ्या मानाने बरं आहे' म्हटलं तर तुम्हाला कसं वाटेल?

एका हिवाळ्यात दुकानात एक उंच, चष्मेवाले गृहस्थ आले. डोक्यावर लोकरी टोपी, नाक लाल झालेलं. ते होते ईडन प्रेरीचे गिरीश टिपणीस. मी त्यांना गिरीशकाका म्हणतो, कारण आमच्या गावातली सगळी मराठी मुलं तसंच म्हणतात. काका जन्मभर हृदयाला बसवायची यंत्रं तपासण्याचं काम करत होते. कंपनीत बनलेलं प्रत्येक यंत्र टेबलावरून पाडायचं, तापवायचं, गोठवायचं, हलवायचं, आणि त्यातूनही ते चाललं तरच रुग्णाच्या छातीत जाऊ द्यायचं, असं ते काम. आता ते निवृत्त झाले होते. घरात पाडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, आणि जे होतं ते काकू पाडू देत नव्हत्या.

मिनेसोटाचा हिवाळा मोठा असतो. काकांनी आधी पाव भाजून पाहिला, मग बासरी वाजवून पाहिली. मग त्यांच्या कंपनीतल्या जुन्या मित्रांनी त्यांना दर गुरुवारी बंदिस्त रेंजवर नेमबाजीला बोलावलं. रेंज म्हणजे कागदी लक्ष्यावर नेम धरायची जागा. काकांना तिथली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे हीटर.

पिस्तूल घरात येण्याआधीच मंजुषाकाकूंनी काकांना चाप लावला. काकू म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. अर्ध्या मिनीॲपोलिसला त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं आहे आणि सगळ्यांना व्यवस्थित उठवलंही आहे.

"माझ्या दोन अटी आहेत," काकू म्हणाल्या. "एक, हे लोखंडी पेटीत कुलपात राहणार आणि गोळ्या गराजमध्ये, वेगळ्या कुलपात. दोन, मीपण शिकणार."

"तू कशाला?" काकांनी विचारलं. "तुला कुठे आवड आहे?"

"आवड नाहीच. पण माझ्या घरात असं एकही मशीन नाही जे मला बंद करता येत नाही."

काकांनी मान डोलावली. बासरी बंद करतानाही त्यांनी अशीच मान डोलावली होती.

रेंजवर देवांग नावाचा एक प्रशिक्षक होता. इथेच जन्मलेला, मराठी आईवडिलांचा मुलगा. आठवडाभर हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना नेम. त्याने काकांना उभं कसं राहायचं, पकडायचं कसं, बोट केव्हा माझ्यापासून लांब ठेवायचं, हे सगळं शिकवलं. काकांनी नेम धरला आणि मला ओढलं.

गोळी लक्ष्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात लागली. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी तर कागद सोडून गेली.

मग काकूंची पाळी आली. त्यांनी चष्मा सारखा केला, श्वास सोडला आणि शिरेत सुई घालताना असेल तितक्या सावकाश मला मागे घेतलं. गोळी मधोमध. पुढची तिला चिकटून.

"ओ वाव, काकू!" देवांग म्हणाला.

"यात काय आहे?" काकू म्हणाल्या. "हळू दाबायचं. पेशंटला कळता कामा नये."

काकांनी पिस्तूल हातात घेऊन माझ्याकडे रोखून पाहिलं. "ट्रिगर बकवास आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, तोच चाप, तेच पिस्तूल, तीच दुपार! पण बोलू कोणाशी?

"काका, इट्स नॉट द ट्रिगर," देवांग म्हणाला. "आवाज व्हायच्या आधीच तुम्ही घाबरता. यू आर फ्लिंचिंग. हात खाली जातो."

"मी घाबरत नाही."

"ओके, लेट मी शो यू." देवांगने काकांच्या नकळत गोळ्यांमध्ये एक खोटी, बिनदारूची गोळी सरकवली. तिची पाळी आली तेव्हा आवाज झालाच नाही, पण काकांच्या हातातलं पिस्तूल मात्र नमस्कार केल्यासारखं खाली वाकलं.

"सी?" देवांग म्हणाला.

"बघितलंस ना?" काका विजयाने म्हणाले. "ट्रिगरने ओढलं!"

त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. काका पिस्तुलांवर बोलणाऱ्या दाढीवाल्या माणसांचे व्हिडिओ बघायला लागले. पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, काकूंकडूनही तपासून घेऊन ते मला हळूहळू ओढायचे आणि माझी नालस्ती करायचे. म्हणे मी खरखरतो. म्हणे मी ओल्या पोह्यांसारखा मऊ आहे. एका छोट्या वजनकाट्याला मला टांगून त्यांनी माझा आलेखही काढला. तो आलेख खरोखर वेडावाकडा आला. स्वतःचा एक्स-रे बघून माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काका गेले तेव्हाही त्यांचं तेच चाललेलं होतं, असं काकूंनी घरी येऊन हसत हसत फोनवर लेकीला सांगितलं. काका तिथे कोणाला तरी सांगत होते, "चांगला असेल ना, तर थोडा दाब दिला की काचेसारखा कट्कन तुटतो. माझा नुसता वाकतो, मऊ पडलाय." शेजारी शोभनाकाकू ताट वाढून घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग मोहन जास्त झालं असणार. पुढच्या वेळी पिठात तूप कमी घाला." काकांनी त्यांचे आभार मानले आणि थोड्या वेळाने काकूंना विचारलं, "शोभना शंकरपाळ्याबद्दल बोलत होती का?"

अखेर एक पाकीट घरी आलं. त्यात होता लाल ॲल्युमिनियमचा, सपाट, चकचकीत चाप. सोबत एक हलकी स्प्रिंग, आणि तो किती सहज सुटावा हे कमीजास्त करायला एक इवलासा स्क्रू. काकांनी तो उजेडात धरला आणि असा उसासा टाकला की मला पाहून कोणी कधी टाकला नव्हता.

बदलाचं काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर झालं, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे होता. गोळ्या गराजमध्ये कुलपात. पिस्तूल रिकामं. ओट्यावर पांढरा टॉवेल, वर हॉस्पिटलसारखा दिवा. शेजारी काकू आमटीची तयारी करत होत्या.

"सक्शन लागलं तर सांग," त्या म्हणाल्या.

"मंजू, प्लीज. मी कॉन्सन्ट्रेट करतोय."

काकांनी एक खिळी ढकलली, दुसरी ढकलली, आणि माझी ती शिस्तीची स्प्रिंग इतक्या दिवसांच्या कैदेतून सुटल्यासारखी टण्णकन उडाली. दोघेही निवृत्त, उच्चशिक्षित माणसं फोनचे दिवे लावून जमिनीवर रांगायला लागली. फ्रिजखाली पाहिलं. काकांच्या स्वेटरच्या घडीत पाहिलं. कढीपत्त्याच्या कुंडीत चुंबक फिरवलं. शेवटी काकूंनी भिजवलेले मूग उपसले तेव्हा त्यात ती सापडली.

"मोड यायच्या आत मिळाली," काकू म्हणाल्या.

स्प्रिंग पुसून एका छोट्या पिशवीत गेली. मग काकांनी मला बाहेर काढलं. मला वाटलं, निरोपाचे दोन शब्द तरी बोलतील. काकांनी मला दह्याच्या एका रिकाम्या डब्यात टाकलं. मराठी घरात दह्याचा डबा रिकामा झाला की त्याचं खरं आयुष्य सुरू होतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या डब्यात जुनी बटणं, पडद्याचे हूक आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली होती. आम्ही एकमेकांची विचारपूस केली. सगळ्यांची कहाणी सारखीच होती. कोणीतरी नवीन आलं होतं.

पण मी तिथे फार राहिलो नाही. काकूंचं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कपाटावर होतं. लाकडी, छोटं, आणि एका कोपऱ्याने डुगडुगणारं. आरती करताना घंटा वाजवली की बाळकृष्ण रांगत पुढे सरकायचा. काकू आधारासाठी काहीतरी शोधत होत्या. त्यांनी डबा उपडा केला, मला उचललं, देवघराच्या कोपऱ्याखाली सारलं, आणि देवघर एकदम स्थिर झालं. "अगदी मापात!" त्या म्हणाल्या.

मित्रांनो, एवढं निखळ कौतुक माझं पहिल्यांदाच झालं. त्यात किंमत नव्हती आणि मान नव्हता. मी उदबत्तीचा वास घेत, तुपाच्या निरांजनाच्या उबेत पडून राहिलो. पिस्तुलाचा चाप असून मी बाळकृष्णाला सांभाळत होतो. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

तिथून मला स्वयंपाकघरातलं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. काका त्या लाल चापाच्या प्रेमात पडले होते. बसवल्या दिवशी त्यांनी तो नीट तपासला. रिकाम्या पिस्तुलाच्या पाठीवर रबरी हातोडीने थापट्या मारायच्या, आत काही सुटतं का ते ऐकायचं, अशी ती तपासणी. काही सुटलं नाही. काका खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, अजून थोडा हलका केला तर? त्यांनी इवलासा स्क्रू जरासा फिरवला. पुढच्या दिवशी आणखी जरासा. लहान मुलं आईस्क्रीम कडेकडेने खातात तसं चाललं होतं. आणि प्रत्येक वेळी हातोडी घ्यायचा कंटाळा केला जात होता.

अशातच एकदा डेन्व्हरहून त्यांच्या मुलीचा, अनयाचा, फोन आला. फोन स्पीकरवर होता. नाताळात ती, तिचा नवरा आणि त्यांची चिमुकली मुलगी अनिका येणार होते. अनिका नुकतीच कपाटं उघडायला शिकली होती.

"बाबा, आय हॅव टु आस्क," अनया म्हणाली. "ती गन घरात आहे ना?"

"आहे, पण पेटीत. कुलपात. कोड फक्त मला आणि आईला माहिती आहे."

"आय नो यू आर केअरफुल. बट आय डोन्ट लव्ह इट, बाबा."

"अगं, मी कोण आहे?" काका दुखावून म्हणाले. "मी तपासलेली मशीन्स लोकांच्या छातीत बसलीयत. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू दगा देत नाही."

पलीकडे अनयाने अनिकाला कुठलंतरी कपाट बंद करायला लावलं. मग म्हणाली, "ओके. आय ट्रस्ट यू."

हे 'आय ट्रस्ट यू' काकांना इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवशी स्वतः भांडी घासली.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी रेंजवर जोड्यांची स्पर्धा होती. काका आणि काकूंनी एकाच पिस्तुलाने भाग घ्यायचा होता. काकांचे कंपनीतले सगळे मित्र येणार होते. सकाळी निघण्याआधी काकांनी पिस्तूल ओट्यावर आणलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि जुन्या सवयीने एकदा हातोडी उचलली.

थाप. काही नाही. थाप. काही नाही. थाप.

टक्.

तो आवाज मी ओळखला. कोणी बोट लावलेलं नसताना गोळी उडवणारी आतली सुई सुटली होती. गोळी भरलेली असती आणि पिस्तूल हातातून नुसतं पडलं असतं, तरी ते उडू शकलं असतं.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा थापट्या मारल्या. काही नाही. पुन्हा. काही नाही. बराच वेळ काही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. आणि मग पुन्हा टक्.

काकांनी हातोडी खाली ठेवली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाहेर बर्फ झाडून तयार ठेवलेल्या गाडीकडे पाहिलं. स्वतःशीच पुटपुटले, "स्पर्धेत कोण हातोडी मारतंय?"

मित्रांनो, मी देवघराखाली होतो. ओरडावंसं वाटलं, पण चापाला तोंड नसतं. नेमक्या तेव्हा काकू निरांजन लावायला आल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"गिरीश, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी हे 'काही नाही' फार वेळा ऐकलंय."

काकांनी सांगितलं. सुटतं, पण नेहमी नाही. क्वचित. जोरात मारलं तरच. लाल चाप काढून बसायला आता वेळ नाही, आणि जुना लावला तर नेम लागणार नाही, मित्र हसतील.

काकूंनी काडी विझवली. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अनया शाळेत होती, तेव्हा तू एक सगळीच्या सगळी बॅच थांबवली होतीस. आठवतं? एकाच मशीनचा ठोका चुकला होता, आणि तोही परत चुकला नाही. तुझा बॉस घरी फोन करून किंचाळत होता."

"हो."

"तू त्याला काय म्हणालास?"

काकांनी लाल चापाकडे पाहिलं. "म्हणालो, कधीतरी होतं म्हणजे होतं."

"आज रेंजवर तुझ्या शेजारी मी उभी असणार आहे," काकू म्हणाल्या. बस, एवढंच.

काकांनी उठून चष्मा पुसला. मग स्क्रूड्रायव्हर घेतला. लाल चाप, त्याची स्प्रिंग, तो लबाड स्क्रू, सगळं बाहेर आलं. कोणी पुन्हा चुकून वापरू नये म्हणून काकांनी पक्कड घेऊन तो लाल चाप चक्क वाकवला आणि कचऱ्यात टाकला. मला त्याची कीव आली. त्या बिचाऱ्याचाही तसा दोष नव्हता. त्याला हलकं हलकं करत कोणी नेलं होतं?

"जुना ट्रिगर कुठाय?" काकांनी विचारलं.

स्प्रिंगची पिशवी मिळाली. दह्याचे सगळे डबे उपडे झाले. लवंगा निघाल्या, रबरबँड निघाले, लग्नातल्या सुटाचं हरवलेलं बटणही निघालं. मी निघालो नाही. काकूंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"गिरीश," त्या म्हणाल्या, "तो देवाखाली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाळकृष्ण त्याच्यावर रांगतोय."

काकांनी देवघर उचललं, काकूंनी मला ओढून काढलं आणि माझ्या जागी पिझ्झाच्या खोक्याचा घडी केलेला तुकडा सारला. मला धुतलं, पुसलं. माझ्या अंगाला हळदीकुंकू लागलं होतं. काकांनी मला तळहातावर घेतलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मधली पाती दाबून पाहिली. "हा कधीच चुकून सुटला नव्हता," ते म्हणाले. त्यात 'किमतीच्या मानाने' नव्हतं. मी ते दोनदा आठवून पाहिलं, खरंच नव्हतं.

मी आणि माझी कडक स्प्रिंग पुन्हा आपापल्या जागी बसलो. मग काकांनी हातोडी घेतली. पाठीवर, कुशीवर, पुढून, मागून, आमटी उतू जाईपर्यंत आम्हाला बडवलं. आत काहीही सुटलं नाही. एवढा मार खाऊन मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

रेंजवर पोचल्या पोचल्या काकांनी सगळ्यात आधी देवांगला गाठलं आणि लाल चापाची सगळी हकीकत सांगितली. "माझं मला तपासून समाधान झालंय," ते म्हणाले, "पण तूपण बघ. तू हो म्हणालास तरच आम्ही उतरतो." देवांगने आम्हाला खोलून, लावून, बडवून पाहिलं. "ऑल गुड, काका," तो म्हणाला. "अँड थँक यू. लोक हे सांगत नाहीत."

स्पर्धा सुरू झाली. काकू नेहमीसारख्या मधोमध. काका नेहमीसारखे खाली डावीकडे. मागे बसलेले मित्र सहानुभूतीने खोकले. काकांचं बोट माझ्यावर आलं की मला कळायचं, की आता हे डोळे मिटणार.

तेव्हा मागे उभ्या असलेल्या काकू पुढे झुकल्या. कानांवरच्या हेडफोनसारख्या टोप्यांमधून मोठे आवाज गाळले जात, बोलणं मात्र ऐकू येई. "गिरीश," त्या म्हणाल्या, "ऐंशीपासून उलटं मोज. मराठीत."

"आत्ता?"

"माझे सगळे पेशंट आत्ताच मोजायचे. दाबत जा आणि मोजत जा."

काकांनी नेम धरला. त्यांचं बोट माझ्यावर आलं आणि ते मोजायला लागले. "ऐंशी... एकोणऐंशी... अठ्ठ्याहत्तर..." चाळीसेक वर्षं मिनेसोटात काढलेल्या माणसाला मराठी आकडे उलटे म्हणायला लावणं म्हणजे काय, ते मी अनुभवलं. त्यांचं सगळं ध्यान आकड्यांत गेलं. मी हळूहळू मागे सरकत होतो आणि त्यांना पत्ताच नव्हता. "बहात्तर... एक्काहत्तर... सत्तर... एकोण... एकोणसाठ? नाही... एकोण काय गं?"

ठो!

काका दचकले, पण गोळी गेल्यानंतर. लक्ष्याच्या बरोबर मध्यभागी एक भोक पडलं होतं.

मग मागून मित्रांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मागे वळून विचारलं, "कुठल्या आकड्याला लागली?"

"एकोणसत्तरला," काकू म्हणाल्या.

बाकीच्या सगळ्या फेऱ्या काकांनी एकोणसत्तरच्या आसपास अडखळतच मारल्या. काही मधोमध लागल्या, काही लागल्या नाहीत. जोडी शेवटून दुसरी आली. पण त्या दिवशी घरी जाताना काका गाडीत इतके बोलत होते, की कोणालाही वाटावं पहिलेच आले.

घरी आल्यावर मात्र त्यांनी कोट काढायच्या आधी अनयाला फोन लावला.

"अनया, मी तुला म्हणालो होतो, माझ्या हाताखालून गेलेली वस्तू दगा देत नाही. ते चुकीचं होतं. मी बसवलेला ट्रिगर फेल झाला. कोणाला काही झालं नाही, आणि तो काढून टाकलाय. पण मी तुला आधी सांगितलं ते खोटं ठरलं, म्हणून फोन केला."

काकूंनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता ती येत नाही म्हणणार.

"थँक्स फॉर टेलिंग मी, बाबा," अनया हळूच म्हणाली.

"तुम्ही असेपर्यंत ते रेंजवरच्या लॉकरमध्ये ठेवणार आहे. देवांगशी बोललोय. चालेल?"

"इट्स मोअर दॅन ओके." मग ती म्हणाली, "अनिका रोज विचारते, आजोबांकडे कधी जायचं."

म्हणून मित्रांनो, नाताळात मी घरी नव्हतो. मी रेंजवरच्या एका गार, अंधाऱ्या लॉकरमध्ये होतो. तिथे दिव्यांच्या माळा नव्हत्या, केक नव्हता, अनिकाने आजोबांची टोपी घालून काय केलं तेही मी पाहिलं नाही. तरी मला एकटं वाटलं नाही. ती सगळी माझ्यावाचून सुखात होती, आणि ती सुखात असावीत म्हणूनच मी लांब होतो.

आता जाता जाता तुम्हाला एक विनंती करतो. कुठलीही वस्तू बदलण्याआधी ती खरंच बिघडली आहे का, ते बघा. आणि बदललीच, तर ती नीट चालते याची खात्री होईपर्यंत कंटाळा करू नका. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. कधी कुठे, मित्राच्या घरी, एखाद्या कपाटात, गाडीच्या सीटखाली, माझ्यासारखं काही दिसलं, तर हात लावू नका. 'रिकामं असेल' म्हणू नका. सोबत्यालाही लावू देऊ नका. तिथून निघा आणि मोठ्या माणसाला बोलवा. तुम्हाला कोणी भित्रं म्हटलं तर म्हणू द्या. बोटाची वाट बघत राहणं हा माझा जन्म आहे, हे खरं. पण मला वाट बघायची सवय आहे, मित्रांनो. तुमच्या बोटांसाठी मी थांबलेलो नाही.